तिला दहापर्यंत मोजता येत नाही, असं मी लिहिलं होतं

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळची प्रार्थना चालू असताना अंगणवाडीच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. साडेचार-पाच वर्षांची असेल. कडेवर भाऊ, तो वर्ष-सव्वा वर्षाचा. तो तिच्या कमरेवरून सारखा घसरत होता आणि ती त्याला गुडघ्याने रेटून पुन्हा वर घेत होती. पायात चप्पल नव्हती. केसांत उसाच्या पाचटाचं एक पातं अडकलेलं होतं.

मी तिला म्हणाले, "ये, तू बस आत. बाळाला घरी ठेवून ये."

नियमाने मी बरोबर होते. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत बसतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांना घरी न्यायचा आहार मिळतो, आम्ही त्याला टीएचआर म्हणतो. एवढं लहान मूल दिवसभर सांभाळायची सोय आमच्याकडे नाही. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग वळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी भांडी घासता घासता आमच्या मदतनीस मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिला बाळाला घरी ठेवून ये म्हणालात. पण तिच्या घरी कोण हाय?"

मला काही बोलता आलं नाही.

मी सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. २०२२ मध्ये रुजू झाले. शिक्षण बारावी. स्वतःची दोन मुलं वाढवलेली, त्यामुळे लहान मुलांचं आपल्याला कळतं असं मी धरून चालले होते. आपली दोन मुलं सांभाळणं वेगळं आणि लोकांची चोवीस मुलं रोज ताब्यात घेऊन दुपारी जशीच्या तशी परत देणं वेगळं. हे मला पहिल्या वर्षात थोडं कळलं आणि त्या मुलीमुळे बरंचसं कळलं. तिचं नाव मी इथे सांगणार नाही. तिची आई तिला 'बाय' म्हणायची, मीही तेच म्हणते.

आमच्या भागात साखर कारखाने आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती पाच-सहा महिन्यांत फेडायची असते. गावाबाहेर, पाटाच्या पलीकडे त्यांच्या कोप्या पडतात. बांबू, पाचट आणि वरून ताडपत्री. पहाटे तीन-चारला माणसं फडात जातात आणि ट्रॅक्टर भरून झाल्यावर परत येतात, कधी दुपारी, कधी रात्री. मागे राहतात ती मुलं, आणि मुलांना सांभाळायला त्यांच्याहून थोडी मोठी मुलं.

माझ्या पहिल्या दोन हंगामांत कोप्यांवरची मुलं जवळजवळ आलीच नाहीत. गृहभेटीच्या नोंदीत मी लिहिलं होतं: "पालक उदासीन." हे दोन शब्द मी आजही त्या वहीत बघते. तेव्हा मी त्या पालकांना भेटायला जायची ते सकाळी अकराला. त्या वेळी कोपीत एकही मोठं माणूस नसतं. म्हणजे ज्यांना मी भेटलेच नव्हते त्यांच्याबद्दल मी मत लिहून मोकळी झाले होते.

मावशींच्या प्रश्नानंतर त्याच दिवशी अंगणवाडी बंद करून मी पाट ओलांडला. बाय कोपीच्या दारात बसली होती. भाऊ झोळीत झोपला होता आणि ती पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोळी हलवत होती, म्हणजे हात मोकळे. हाताने ती मातीत काहीतरी मांडत होती. मला बघून ती उठून आत गेली.

काय करावं मला सुचेना. आपण सवयीने जे करतो ते मी केलं नाही, एवढंच त्या दिवशी बरोबर झालं. "इकडे ये, नाव सांग, लाजतेस काय," असं म्हणाले नाही. बाहेर खाली बसले. पंधरा-वीस मिनिटं बसले आणि आले. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी ती आत गेली नाही.

आमच्या एका प्रशिक्षणात मॅडमनी सांगितलं होतं की अंगणवाडी हा शब्दच मुळात कुठून आला ते लक्षात ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नव्हती, म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, म्हणजे बोर्डीच्या सुरुवातीनंतर तीस वर्षांनी. प्रशिक्षणात मी हे सगळं लिहून घेतलं होतं, वर्षंसुद्धा. पण तो इतिहास माझ्या कामाचा आहे असं वाटलं नव्हतं. कोपीपुढच्या धुळीत बसल्यावर वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीला संध्याकाळी उशिरा गेले, तेव्हा आई भेटली. चुलीपुढे भाकरी थापत होती. मी विचारलं, "आज पोरांनी काय खाल्लं?" तिचा हात थांबला. म्हणाली, "बाई, सकाळची भाकर ठिवली हुती. उपाशी न्हाय ठिवलं." मी साधं विचारलं होतं, पण सोळा तास राबून आलेल्या बाईच्या कानावर तो आरोप म्हणून पडला. गृहभेटीच्या फॉर्मवर प्रश्न असतात म्हणून ते त्याच क्रमाने तोंडावर फेकायचे नसतात. तेव्हापासून मी पहिला प्रश्न बदलला. "तिला काय आवडतं?" असं विचारते. त्या दिवशी आई म्हणाली, "तिला भावाबिगर काय आवडत न्हाय." आणि हसली. पुढचं सगळं त्या वाक्यावरच उभं राहिलं.

आमच्या पर्यवेक्षिका मॅडमना फोन केला. नियम सांगितला, अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "दिवसभर बाळं सांभाळायचं, पाळणा योजनेतलं केंद्र आपल्या गावात नाही. पण बाळाला बाहेर ठेवलं तर मुलगी येणार नाही, हे दिसतंय ना? मग बसू दे. मावशींचं लक्ष त्याच्यावर राहील असं ठरवा. आणि जे करताय ते लिहून ठेवा." लिहून ठेवा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नियम वाकवायचा तर लपवून नाही, वरच्यांना सांगून. सोय म्हणून नाही, मुलासाठी.

बाळ येणार म्हटल्यावर आम्ही दोघींनी खोली नव्याने पाहिली. पाहिली म्हणजे खरंच जमिनीवर हातापायांवर रांगत पाहिली. मावशींना आधी संकोच वाटला, मग त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त दिसायला लागलं. मोजायला ठेवलेले चिंचोके आणि गुंजा खालच्या फळीवर. कोपऱ्यात फिनेलची बाटली, तिचं झाकण सैल. वजनकाट्यामागे उघडी वायर. दाराच्या उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली, रांगतं मूल वाकलं तर डोकं थेट आत. तीन वर्षांपुढच्या मुलांसोबत दोन वर्षं आम्ही याच खोलीत काढली होती. त्यांच्यासाठीसुद्धा ती बाटली तिथे नको होती. गुंजा तर मी पाटात टाकून आले, त्या विषारी असतात.

खाण्याचंही तसंच. शेंगदाणे आणि उकडलेले अख्खे हरभरे लहानग्यांच्या घशात अडकतात. बाळाच्या वाट्याचं मावशी ठेचून, मऊ करून द्यायला लागल्या. खाताना कोणी पळायचं नाही, कोणी हसवायचं नाही, आणि आम्हा दोघींपैकी एक जण मुलांसमोर बसलेली असलीच पाहिजे. आधी आम्ही मुलं जेवत असताना एकीकडे रजिस्टर भरायचो. ते बंद केलं.

बाय यायला लागली, पण यायला लागली म्हणजे रुळली असं नव्हे. आठ दिवस ती दाराजवळच्या भिंतीला पाठ लावून बसली. गाणं नाही, गोष्ट नाही, खेळ नाही. मला घाई झाली होती. हात धरून गोलात ओढावंसं वाटायचं. केंद्र सरकारचा 'आधारशिला' हा नवा अभ्यासक्रम २०२४ मध्ये आला. त्यात वर्षाच्या ४८ आठवड्यांपैकी पहिले चार आठवडे मुलांनी घरातून येऊन रुळावं यासाठीच धरलेले आहेत. ते वाचून मला धीर आला. पण आमचे चार आठवडे जूनमध्ये होऊन गेले होते. नोव्हेंबरात आलेल्या मुलीचे चार आठवडे कुठे मोजायचे? मी ठरवलं की तिचे तिच्या पहिल्या दिवसापासून.

त्या दिवसांत मी एक नवीन वही घातली. 'पोषण भी पढ़ाई भी' च्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात निरीक्षणाचा एक सराव होता. एका मुलाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ दाखवला आणि काय दिसलं ते लिहायला सांगितलं. आम्ही बहुतेकींनी लिहिलं: हट्टी आहे, खोडकर आहे, लक्ष नाही. मॅडम म्हणाल्या, "हे तुमचं मत झालं. तुमच्या डोळ्यांना काय दिसलं?" परत व्हिडिओ दाखवला. मग कोणी लिहिलं, ठोकळा तीन वेळा पडला, तिसऱ्या वेळी त्याने तो फेकला. किती फरक आहे! पहिल्या नोंदीवरून पुढे काय करायचं ते कळत नाही. दुसरीवरून कळतं: त्याला रुंद ठोकळा द्या, खाली सपाट फळी द्या.

तर त्या वहीत मी बायबद्दल रोज दोन-तीन ओळी लिहायला लागले. "बुजरी" हा शब्द लिहायचा नाही असं ठरवून. त्यातल्या काही ओळी अशा: भाऊ रडला की तो मावशींकडे असला तरी उठते. पाणी आधी त्याला पाजते. 'मामाचं पत्र हरवलं' चालू असताना ओठ हलत होते. एका मुलाने तिची पाटी घेतली तेव्हा "मही हाय" म्हणाली, मुलं हसली, नंतर दिवसभर बोलली नाही.

ही शेवटची ओळ लिहिली आणि मला कळलं की ती गप्प का आहे. बीडकडे 'माझी'ला 'मही' म्हणतात, आईला माय म्हणतात, मुलाला लेकरू. आमची मुलं 'माजी' म्हणतात. तीही पुस्तकातली मराठी नव्हे, पण वर्गात संख्येने ती जास्त. दुसऱ्या दिवशी मी मुलांना रागावले नाही. गोलात बसवून विचारलं, आईला कोण काय म्हणतं? आई, मम्मी, आय, अम्मी निघालं. बायकडे बघितलं, पण नाव घेतलं नाही. तिने खाली बघत म्हटलं, "माय." मी फळ्यावर सगळ्यांत वर 'माय' लिहिलं आणि त्याखाली बाकीचे. मग आठवडाभर मुलं एकमेकांना "मही पाटी", "मही बाटली" असं मजेनं म्हणत होती, आणि त्या मजेत ती होती.

एक दिवस तिला कपड्यात लघवी झाली. अशा वेळी आधी मी काय करायची ते सांगते, कारण त्याची मला लाज वाटते. "अगं, मोठी झालीस ना, सांगता येत नाही का?" असं सगळ्यांदेखत म्हणायची. मुलं नाक धरायची. मारणं नव्हतं ते, म्हणून मला ते वाईट वाटत नव्हतं. या वेळी मावशींनी मुलांना दुसऱ्या बाजूला गाण्यात गुंतवलं आणि मी बायला हळूच मागच्या खोलीत नेलं. "मी तुझी चड्डी बदलू का, का तू बदलशील?" विचारलं. ती म्हणाली, "मी." मी पाठ करून उभी राहिले. एवढंच. पण मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी विचारणं हे तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांसाठी पक्कं झालं. नाक पुसायचं तरी समोर बसून सांगायचं, "नाक पुसते हं." दंडाचा घेर मोजायचा तरी फीत आधी मुलाच्या हातात द्यायची. ज्या मुलाला रोज विचारून हात लावला जातो, त्याला न विचारता कोणी लावला तर ते वेगळं आहे हे कळतं. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा २०१२ चा आहे, त्याची माहिती आम्हाला देतात आणि ती हवीच. पण मुलाच्या बाजूने त्याची सुरुवात नाक पुसण्यापासून होते असं मला वाटतं.

आता मोजण्याचं सांगते.

डिसेंबरात मुलांची प्रगती नोंदवायची होती. भाषा, हालचाल, रंग, आकार, संख्या. बायला मी चिंचोके दिले आणि म्हणाले, मोज. (चिंचोके आता उंच बरणीत असतात, काम झालं की परत वर.) तिने पाचपर्यंत मोजले, मग सात म्हणाली, मग गप्प. मी लिहिलं: "संख्या – दहापर्यंत मोजता येत नाही." प्रामाणिक नोंद होती. डोळ्यांनी पाहिलेली होती. तरीही चूक होती.

त्यानंतर काही दिवसांनी मोकळ्या खेळाच्या वेळी ती अंगणात होती. कोणीतरी उसाचे तुकडे खाऊन बांडं टाकलेली होती, त्यांतली वाढं तिने गोळा केली. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, हिरव्या पात्यांचा. पानांच्या देठांच्या बारीक काड्या एकत्र धरून त्यांना वाढ्याचं पातं गुंडाळून, पीळ देऊन तिने बोटभर मोळी बांधली. पीळ असा की मी ओढून पाहिला तर सुटेना. मग दुसरी. तिसरी. बांधलेली प्रत्येक मोळी ती डोक्यावर धरून चार पावलं चालत जायची आणि भिंतीशी रचायची. रचताना तोंडाने मोजत होती. मी हातातलं काम ठेवलं आणि जरा लांब बसले. सात, आठ, नऊ, दहा. दहा झाल्यावर तिने एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

मी तिला काही विचारलं नाही, शाबासही म्हणाले नाही. ती इतकी गढून गेली होती की माझा आवाज मध्ये घुसला असता. संध्याकाळी कोपीवर जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "आमी मोळ्या अशाच मोजतो बाई. धा झाल्या की खडा. ती बघती की."

पाच वर्षांच्या आतल्या मुलीला दहाचा गठ्ठा करता येत होता, आणि माझ्या नोंदीत तिला दहापर्यंत मोजता येत नव्हतं. चिंचोके तिच्यासाठी मोजायची वस्तू नव्हती. आमच्या घरांत चिंचोक्यांचा खेळ असतो, तिच्या घरात मोळ्या असतात. मी ती ओळ खोडली नाही. नोंद खोडायची नसते. खाली तारीख घालून नवी लिहिली: "मोळ्या रचताना दहापर्यंत बिनचूक मोजते. दहाला एक खडा ठेवते. अशा तीन खेपा केल्या." आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत मोळ्या आल्या. गावातली मुलं तिच्याकडून पीळ घालायला शिकली. बोटांना वळण लागावं म्हणून आम्ही मुलांना मणी ओवायला देतो, कागद फाडायला देतो. वाढ्याच्या पिळाने तेच काम होतं, आणि दुकानातून आणायचं काही नाही.

याच हिवाळ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. लसीकरणाच्या दिवशी गर्दी होती. बायच्या भावाच्या दंडाला फीत लावली तर १२.१ सेंटिमीटर. साडेबाराच्या खाली म्हणजे पिवळा पट्टा, साडेअकराच्या खाली गेलं की लाल. मी आशाताईंना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "हा पिवळ्यात आहे, मॅम लिहा." मॅम म्हणजे मध्यम कुपोषित. रांगेत गावातल्या पंधरा-वीस बायका होत्या. एक जण म्हणाली, "ऊसतोडवाल्यांची पोरं अशीच असत्यात." आईने काही न बोलता बाळाला पदराखाली घेतलं आणि निघून गेली. पुढचे चार दिवस दोन्ही मुलं आली नाहीत.

मोजमाप बरोबर होतं. पण ती माहिती त्या मुलाची आणि त्याच्या आईची होती, रांगेची नव्हती. डॉक्टर असं चारचौघांत सांगत नाही, मग मी का सांगावं? मी संध्याकाळी कोपीवर गेले आणि सरळ म्हणाले, "ताई, माझं चुकलं. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानंतर आम्ही दोघी चुलीपाशी बसलो आणि बाळाला दिवसातून किती वेळा काय देता येईल ते तिच्या वेळापत्रकात बसवलं. पहाटे निघण्याआधी अंगावर पाजणं, मग अंगणवाडीत दोनदा, मग संध्याकाळी. टीएचआरचं पाकीट ती घरच्या सगळ्यांसाठी शिजवत होती, हे तिने तेव्हाच सांगितलं. रांगेत ते कधी सांगितलं नसतं. आता आम्ही वजन-उंची एका आडोशाला घेतो, एका वेळी एक आई, आणि आकडा आवाजात नाही, कागदावर. बाळाचा दंड फेब्रुवारीत १२.७ झाला. दोन वर्षांच्या आतल्या मुलाची लांबी निजवून मोजायची, ती मावशी आता माझ्याइतकीच नीट मोजून देतात.

सुरक्षिततेचं एवढंच सांगते, कारण त्यात फार बोलण्यासारखं नाही, रोज करण्यासारखं आहे. पाट जवळ आहे म्हणून आम्ही मुलं तीन वेळा मोजतो: आल्यावर, जेवणाआधी, जाताना. मोजलेला आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. मूल कोणाच्या हाती द्यायचं ते आईने आधी सांगितलेलं असतं. एकदा टोळीतला एक माणूस बायला न्यायला आला, "लवकर द्या, ट्रॅक्टर थांबलाय" म्हणाला. ओळखीचा वाटत होता. मी दिलं नाही. आईला फोन लावला, तिने तो चुलता असल्याचं सांगितलं, मग दिलं. तो चिडला होता. चिडू दे.

फोटोंवरून मात्र मला अजून झगडावं लागतं. ग्रुपवर रोज फोटो टाकायचे असतात. कोणत्या मुलाचा, कोणत्या अवस्थेत, हे बघायला वेळ नसतो. मी एवढंच पाळते की रडणारं, अर्ध्या कपड्यातलं किंवा आजारी मूल फोटोत येऊ देत नाही. आणि मुलांच्या दोन तासांच्या खेळ-शिक्षणाच्या वेळात मोबाइल कपाटात असतो. त्यावरून मला बोलणी बसली आहेत. पण मोबाइल हातात असता तर त्या दिवशी मी मोळ्यांचा व्हिडिओ काढायला उठले असते, आणि दहाव्या मोळीनंतरचा खडा मला दिसला नसता.

गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परतायला लागतात. कारखाना बंद व्हायची तारीख नक्की नसते, त्यामुळे एका सकाळी कळतं की आज निघाले. या वेळी मी फेब्रुवारीतच आईकडून गावाचं नाव आणि तिथल्या सेविकाताईंचा नंबर घेऊन ठेवला होता. पोषण ट्रॅकर या आमच्या नोंदीच्या ॲपवर मूल स्थलांतरित म्हणून दाखवता येतं, त्यात वजन-उंची जाते. बाकीचं जात नाही. ती 'माय' म्हणते हे जात नाही. भावाशिवाय बसत नाही, हात लावण्याआधी विचारलेलं तिला आवडतं, मोळ्या बांधते, हे कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून मी एक पानभर लिहिलं. आईला वाचून दाखवलं, हे तिकडे द्यायला तुमची हरकत नाही ना असं विचारलं. एक ओळ तिने काढायला लावली, घरातल्या आजारपणाची, ती मी काढली. मग पान घडी घालून तिच्याच हातात दिलं.

निघताना बायने मला काही दिलं वगैरे नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ताडपत्र्या, भांडी, कोंबड्यांची पाटी, आणि त्यावर ती, मांडीवर भाऊ. मावशींनी तिला हाक मारली, तर तिने वळून बघितलं आणि लगेच भावाचं डोकं उन्हातून आत ओढलं.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बीडकडच्या सेविकाताई होत्या. पान मिळालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ताई, ही पोरगी सारखी वाढं मागतीय. आमच्याकडं पाऊसपाण्याचं असं, ऊस कुठला? शेवटी कडब्याची ताटं दिलीत तिला. त्याच्या पेंढ्या बांधून ठेवतीय भिंतीला."

मी विचारलं, "किती बांधल्या?"

"थांबा," त्या म्हणाल्या, आणि फोन तसाच ठेवून बघायला गेल्या. लांबून मुलांचा गलका ऐकू येत होता. परत येऊन म्हणाल्या, "ते मोजलं न्हाय मी. पण बाजूला दोन खडे ठिवलेत."